गुलछबूचे दात

एक जंगल होतं. जंगलात एक राजा होता. पण तो मतं मागून राजा झालेला असल्यामुळे त्याला राजा म्हणायचं नाही, ‘पहिला सेवक’ म्हणायचं, असा नियम होता. नियम राजानेच केला होता.

हा पहिला सेवक जातीने अस्वल होता. नाव केसाळराव. अस्वलाला मोहाची फुलं किती आवडतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मतदारांना तर होतंच. तरी प्रचाराच्या वेळी केसाळरावांनी छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर हात ठेवून सांगितलं की, मी मोह सोडला आहे, आता उरलेलं आयुष्य फक्त कोठाराची राखण करणार. हे ऐकून सगळ्यांना फार बरं वाटलं. काही सशांच्या डोळ्यांत पाणी आलं. ससे कशानेही रडतात, ही गोष्ट वेगळी.

कोठार म्हणजे टेकडीतली एक कोरडी गुहा. चैत्रात मोह गळायचा तेव्हा प्रत्येक घरटं, प्रत्येक बीळ आपापली टोपली भरून फुलं वाळवायचं आणि गुहेत आणून टाकायचं. आषाढ-श्रावणात रानात खायला काही मिळेनासं झालं की ज्याची त्याची टोपली परत मिळायची. ही पद्धत निवडणुकांच्याही आधीची होती. बहुधा म्हणूनच ती नीट चालली होती.

केसाळरावांना कोठार हवं होतं. पण ते कायद्याचे पक्के होते. आधी कायदा केल्याशिवाय त्यांनी जन्मात काही खाल्लं नव्हतं. कायदा करायचा तर तळ्याकाठच्या खडकावर अधिवेशन भरवायला हवं, आणि अधिवेशन भरवायचं तर आदल्या संध्याकाळी चहापान व्हायला हवं. म्हणजे असं की, पहिल्या सेवकाने विरोधकांना चहाला बोलवायचं, विरोधकांनी चहावर बहिष्कार घालायचा, झाडाझाडांवरच्या मैनांनी ती बातमी ओरडायची, आणि मग दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू. बहिष्काराशिवाय अधिवेशन भरल्याचं जंगलात कुणालाच आठवत नव्हतं.

अडचण अशी झाली की बहिष्कार घालायला विरोधकच उरले नव्हते. लांडग्यांचा अख्खा कळप जंगलाच्या विकासासाठी सरकारात आला होता. त्यांच्या पाठोपाठ रानडुकरं आली, कारण त्यांचा अंतरात्मा जागा झाला. शेवटी विरोधी बाकावर एकटी घोरपड राहिली. घोरपड चिकट म्हणून तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. तीही खुर्चीला चिकटून राहिली, फक्त एका रात्रीत ती खुर्चीच कुणीतरी उचलून पलीकडे नेऊन ठेवली. घोरपडीने शब्द पाळला, एवढं मात्र खरं.

“विरोध पाहिजे, पंत,” केसाळराव म्हणाले. “विरोधाशिवाय लोकशाहीला शोभा नाही. कुठूनही आणा.”

पंत म्हणजे उदाजीपंत. जातीने उदमांजर, हुद्द्याने प्रधान. हा प्राणी कुणाच्या माडीवर कधी चढला आणि कधी उतरला ते घरच्यांनाही कळत नाही. उदाजीपंतांनी शेपटी झाडली आणि डांबरी रस्त्याकडे निघाले.

तिथे पिंपळाखाली एका सर्कशीचा ट्रक येऊन पडला होता. माणसांच्या राज्यात कायदा झाला होता की जनावरांना तमाशाला जुंपायचं नाही. त्यामुळे तमाशाचा सगळा भार आता माणसांवरच पडला होता, आणि ते तो समर्थपणे पेलत होते. सर्कशीचा मालक ट्रक सोडून निघून गेला. ट्रकच्या पिंजऱ्यात तीन चिंपांझी होते. पिंजऱ्याचं दार उघडं होतं. तरी ते आतच बसून होते, कारण बाहेर या असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

एकाच्या अंगात पितळी बटणांचा लष्करी डगला होता, त्याला सगळे मेजर म्हणत. दुसऱ्याच्या अंगात पांढरा कोट, तो डॉक्टर. तिसरी होती मिस गुलछबू. तिच्या अंगात झालरींचा गुलाबी फ्रॉक होता. तो ती अगदी लहान असताना शिवलेला होता, आणि आता खांद्यावर, बगलेत शिवणी सुटायला आल्या होत्या. ती अंग चोरून बसायची. सर्कशीत वाढलेलं दिसणं बरं नसतं. चिंपांझी लहान असतो तोवर गोड दिसतो. मोठा झाला की त्याच्या हातात ताकद येते, आणि मग एका सकाळी तो ट्रकमध्ये चढतो तो परत येत नाही. गुलछबूने अशी बरीच मोठी झालेली मंडळी ट्रकमध्ये चढताना पाहिली होती.

उदाजीपंत पोचले तेव्हा ऊन कलत होतं. तिघांनी पत्र्याच्या पेटीतून कपबशा काढल्या, एका खोक्यावर रुमाल पसरला, आणि चहा प्यायला बसले. किटलीत चहा नव्हता. तरी गुलछबूने तो गाळला, ओतला, मेजरने साखर किती म्हणून विचारलं, डॉक्टरने बशीत ओतून फुंकर मारली. ‘साहेबांचं चहापान’ हा त्यांचा सर्कशीतला खेळ. गावोगाव या खेळावर लोक फिदा असत. खेळ बंद पडला होता, पण वेळ झाली की त्यांचे हात आपोआप पेटीकडे जात.

उदाजीपंतांनी हे पाहिलं आणि त्यांना विरोधी पक्ष सापडला.

त्यांनी बोली केली. राहायला उंबराचं झाड, खायला फळं, आणि काम अगदी हलकं. जोवर लोक बघायला येतायत तोवर झाड तुमचं.

“आणि नाही आले तर?” गुलछबूने विचारलं.

पंतांनी ट्रककडे पाहिलं. गुलछबूचे सगळे दात दिसले, वरचे आणि खालचेही. पंत खूश झाले. त्यांना वाटलं, बाई हसतमुख आहे, फलकावर छान दिसेल.

चहापानाच्या दिवशी घोटाळा झाला. विरोधक चहाला आले.

तसं निमंत्रण रीतसर गेलं होतं. पण निमंत्रण गेलं म्हणजे यायचं नसतं, ही साधी गोष्ट त्या बिचाऱ्यांना कुणी समजावली नव्हती. आणि चहापान एवढं एकच काम त्यांना येत होतं. मेजरने डगला झटकला, डॉक्टरने भांग पाडला, गुलछबूने झालरी सारख्या केल्या आणि तिघं वेळेवर हजर झाली. सरकारची अशी त्रेधा पूर्वी उडाली नव्हती. विरोधक कधीच येत नसल्यामुळे सरकारी किटलीत चहा टाकायची वहिवाटच उरली नव्हती. चहाचा खर्च मात्र दर अधिवेशनाला नियमित होत असे. लांडगे एकमेकांकडे पाहू लागले. केसाळरावांनी रिकामी किटली उचलली आणि कपावर वाकवली.

तिघांनी तो नसलेला चहा इतक्या सफाईने प्यायला की बघणाऱ्यांना आल्याचा वास आला. गुलछबूने चहा फार छान झालाय म्हणून सांगितलं. केसाळराव पुढे कितीतरी दिवस सांगत होते, विरोधक असावा तर असा.

दुसऱ्या दिवशी अधिवेशन भरलं. सभापती होते घुबडराव. अधिवेशन दिवसा भरायचं आणि सभापती घुबड नेमायचा, यात काही विसंगती आहे असं कुणाला वाटत नव्हतं. घुबडराव गोंधळात गाढ झोपत. झोपेत ते मधूनच ‘हूं’ करत, आणि त्या ‘हूं’ला मंजुरी धरायची अशी प्रथा पडली होती. त्यांच्यापुढे खडकावर राजदंड आडवा ठेवलेला असे. राजदंड म्हणजे तेल लावून काळीभोर केलेली शिसवीची काठी.

गुलछबूची नजर त्या काठीवर गेली आणि तिचे दात दिसले. सर्कशीच्या मालकाकडेही अशीच काठी होती. समोरच्या उतारावर बसलेली प्रजा म्हणाली, काय गोड हसते.

मग ती उठली, हात वर केला, बोलायला मिळण्याची वाट पाहिली. सर्कशीत झोक्यावर चढण्याआधी खालचं जाळं बघून घ्यायची पद्धत असते. जाळं कुणी बांधलं, कधी बांधलं, यावर भाषणं ऐकायची नसतात. आपण जाऊन हाताने ओढून बघायचं असतं. गुलछबूला वाटलं, या खेळातही तसंच असणार.

“कोठारात मोह किती आहे,” तिने विचारलं, “ते एकदा उघडून बघू या का?”

सभा शांत झाली. आणि शांतता झाल्याबरोबर घुबडरावांची झोपमोड झाली. गोंगाटात झोपायची सवय असलेल्यांना शांतता सोसत नाही. त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, उत्तर काय आहे. उदाजीपंत उठले आणि म्हणाले की प्रश्न अत्यंत महत्त्वाचा असून माहिती गोळा करण्याचं काम सुरू आहे, ती यथावकाश पटलावर ठेवण्यात येईल. केसाळरावांना घाम फुटला होता. अस्वलाला केस फार असल्यामुळे तो दिसला नाही.

दुसरीही एक गोष्ट झाली. उतारावरची प्रजा जांभया देऊ लागली. कपबशी न फोडता, वेळेवर हात वर करून, एकेक जण बोलतो, दुसरा ऐकतो, हे बघायला कोण बसणार? भेकरं उठून गेली. मोर तर आधीच गेला होता. फक्त पुढच्या ओळीत ठमाबाई साळिंदर बसून राहिली, आणि तीही काटे पसरून एकदा बसली की लवकर उठता येत नाही म्हणून.

संध्याकाळी पंत उंबराखाली आले. लोक उठून जातायत, त्यांनी सांगितलं. लोक उठून गेले की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

“आम्ही चुकलो का कुठे?” मेजरने विचारलं.

“तीच तर चूक आहे. तुम्ही चुकतच नाही.”

मग शिकवणी सुरू झाली. सर्कशीच्या मालकाने मारून मारून जो सभ्यपणा अंगी बाणवला होता, तो उतरवायचं काम लांडग्यांनी हाती घेतलं. सभागृहात मुरलेली मंडळी ती. समोरचा बोलायला उभा राहिला की कप कसा वाजवायचा, कधी फेकायचा, मेज कुठून उलटायचं, रागाने निघून कसं जायचं आणि फार लांब न जाता परत कसं यायचं, हे सगळं त्यांनी करून दाखवलं. राजदंड पळवायचाही एक रिवाज होता. विरोधकाने धावत यायचं, काठी उचलायची, पायरीपर्यंत पळायचं, आणि तिथे उभ्या असलेल्या रानगव्याच्या हातात ती मुकाट्याने द्यायची. त्यापुढे न्यायची नाही. डॉक्टरला कप फेकणं जड गेलं. तो फेकायचा आणि लगेच धावत जाऊन तुकडे गोळा करायचा. पण कलाकार माणूस, हळूहळू जमलं. माणूस म्हणजे चिंपांझी, असं समजून घ्यावं.

आणि मग जे काही झालं ते जंगलात पूर्वी कधी झालं नव्हतं. मेजरने पहिल्याच फेकीत एका रानडुकराच्या मुस्कटावर बशी फोडली. उतारावर टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरने मेजाखाली शिरून मेज डोक्यावर घेतलं. गुलछबू झालरी उडवत सभात्याग करायची, वळून परत यायची, आणि पंतांनी सहज म्हणून राजदंडावर पंजा ठेवला की सगळे दात दाखवायची. त्या दातांवर प्रजा जीव ओवाळून टाकायची.

मैना फांदीफांदीवरून सभेचं थेट वर्णन करू लागल्या. बशी फुटली की त्या तीच बशी दिवसभर फोडत. पाचोळ्यातल्या किड्यालाही कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वारुळावारुळावर मेजरचं चित्र लागलं, खाली लिहिलेलं, ‘मेजर खातो, तीच वाळवी खा.’ डॉक्टरकडे पोटदुखीचे रोगी रांग लावू लागले. तो बिचारा सांगे, मी डॉक्टर नाही, माझा नुसता कोट आहे. त्याचा हा विनम्रपणा पाहून रांग आणखी वाढे. सशांनी सोळा पिलांची नावं एकदम गुलछबू ठेवली. मोराने नाच बंद करून बशीफेकीचे वर्ग काढले. मेजरवाले आणि डॉक्टरवाले अशी दोन टोळकी पडली, त्यांच्यात ओढ्याकाठी मारामारी होऊन एका मुंगसाचा कान गेला. मुंगसाने उरलेला कानही हसत हसत देण्याची तयारी दाखवली.

या सगळ्यात सरकारचं कामकाजही चाललं होतं. गोंधळ टिपेला पोचला की पंत उठून काहीतरी पुटपुटत, घुबडराव झोपेत ‘हूं’ करत, आणि कायदा होई. पहिल्या दिवशी कोठाराची चावी पहिल्या सेवकाकडे सोपवण्यात आली. मग कोठारातला मोह मोजणं हा जंगलावर अविश्वास ठरवण्यात आला. मग मोहाची प्रत तपासण्यासाठी एक समिती नेमली. समितीत एकच सदस्य होता, त्याला मोहातलं सगळ्यात जास्त कळत होतं आणि तो रोज चाखून बघत होता. शेवटी कोठाराचं नाव बदलून ‘सुख-भांडार’ केलं. त्याच्या समारंभाला केसाळराव स्वतः आले. येताना ते दोन झाडांना धडकले, पण भाषण जोरात झालं.

“बंधूंनो आणि भगिनींनो,” ते म्हणाले, “आधीच्या लोकांनी तुम्हाला कोठार उघडून दाखवलं. मी तुम्हाला विश्वास दिला. उघडलेलं कोठार सगळ्यांनाच असतं. बंद कोठार नशिबाने मिळतं. म्हणा माझ्याबरोबर, बंद दार, भरलं कोठार!”

बंद दार, भरलं कोठार, असं सगळं जंगल म्हणालं. सगळ्यात मोठा आवाज ठमाबाईचा होता. म्हातारीला नातवंडं पुष्कळ, लेक नुकती बाळंत झालेली, आणि टोपली तिनेच भरून आणलेली. पण आता तिचा सगळा जीव पुढच्या ओळीत होता. कप फुटला की तिच्या पाठीवरचे काटे आनंदाने वाजत.

आषाढ लागला. ठमाबाई आपली टोपली मागायला टेकडीवर गेली.

गुहेच्या तोंडावर एक पाटी होती, ‘सुख-भांडार भरलेले आहे. आत पाहण्याची गरज नाही.’ दार नुसतं लोटलेलं होतं, आणि पाटीखाली तो एककानी मुंगूस पहाऱ्यावर होता. ठमाबाईने टोपली मागितली. मुंगूस म्हणाला, पाटी वाच. ठमाबाई म्हणाली, वाचली, आता टोपली दे. मुंगूस म्हणाला की भरलेल्या कोठारातून टोपली दिली तर ते भरलेलं राहणार नाही, आणि मग पाटी खोटी पडेल, म्हणजे तू सरकारला खोटं पाडायला आलीस का? ठमाबाईला बोलण्यात हार मान्य होती, पण साळिंदराचं काय आहे, ते मागे सरकत सरकत पुढे जातं. तिने पाठ केली, काटे उभारले आणि मुंगसाला उंबऱ्यापासून बाजूला करत उलटीच आत शिरली.

आत मोहाचं एक फूल नव्हतं. होता तो फक्त वास. आणि मधोमध, रिकाम्या टोपल्यांच्या ढिगावर, चारी पाय वर करून लोकांचा पहिला सेवक घोरत होता.

ठमाबाई बाहेर आली. तिला रडू येईना. तिला राग येत होता, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. केसाळरावांवर काढावा तर ते अस्वल, मोह खाणारच. चालता चालता ती उंबरापाशी पोचली. तिघं चहा पीत होती.

“तू गं बया,” ठमाबाई गुलछबूला म्हणाली, “आमच्या वतीनं भांडाया तुला ठिवली. कोठार समदं चाटूनपुसून खाल्लं, माझी नातवंडं उपाशी हायेत, आन तू त्यांच्या म्होरं दात काढून हसतीस व्हय?”

गुलछबूने कप खाली ठेवला.

“मी हसत नाही, आजी. आमच्यात दात दिसले की समजायचं, जीव घाबरलाय. हसताना आम्ही दात झाकतो.”

ठमाबाईच्या डोळ्यांपुढून सगळं अधिवेशन गेलं. कप, बशा, मेज आणि ते दात.

“मग आम्ही इतके दिस टाळ्या कशापायी पिटत हुतो?”

“मला काय ठाऊक,” गुलछबू म्हणाली. “मला वाटायचं, तुम्हीही घाबरलाय.”

ठमाबाईने मग विचारलं, कशाला एवढं भ्यायचं? गुलछबूने ट्रकचं सांगितलं. लोक उठून गेले की ट्रक येतो, मोठं झालेल्याला घेऊन जातो. ठमाबाईने तिच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं.

“त्यो पिंपळाखालचा? अगं त्याची चाकं कवाच चोरांनी नेली. माझी लेक बाळंत झाली ती त्याच्याच टपात.”

गुलछबूने हे मेजरकडून आणि डॉक्टरकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, चाकं नसलेला ट्रक जातो का? नाही जात, दोघं म्हणाले. तिने आपले हात उलटेपालटे करून पाहिले. फ्रॉकची बगलेतली एक शिवण आणखी उसवली. आता ती अंग चोरून बसली नव्हती. राहिली फक्त काठी.

अधिवेशनाचा शेवटचा दिवस आला. पटलावर एकच प्रस्ताव होता, सुख-भांडाराला मिळालेला अभूतपूर्व प्रतिसाद पाहता पुढच्या चैत्रात प्रत्येकाने दोन टोपल्या आणाव्यात. उतार फुलून गेला होता. नव्या कपबशांचा ढीग विरोधी बाकावर तयार होता.

गुलछबू उठली. तिने कप घेतला नाही. हात वर केला.

“कोठारात मोह किती आहे?” ती म्हणाली. “उघडून बघू या.”

उतारावर कुजबुज झाली. मग एकजण ओरडला, कप फेक. मग सगळेच ओरडू लागले, कप फेक, कप फेक. ज्यांच्या टोपल्या गेल्या होत्या ते जास्त जोरात ओरडत होते, कारण त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं होतं. लांडग्यांना हायसं वाटलं. गोंधळ चांगला होत होता आणि घुबडराव घोरत होते. पंतांनी राजदंडावर पंजा ठेवला.

गुलछबूचे दात दिसले. उतारावर टाळ्या पडल्या.

ती भ्याली होती. खोटं कशाला सांगा. पण ती तशीच दात दाखवत पुढे आली, पंतांच्या पंज्याखालची काठी ओढली आणि वळली. कुणी हरकत घेतली नाही. राजदंड पळवायचा हा तर रिवाजच. पायरीवर रानगवा तो परत घ्यायला तयारच उभा होता. गुलछबू पायरीपर्यंत गेली. त्याच्या हातात तिने काठी दिली नाही. गुडघ्यावर ठेवली आणि मोडली.

शिसवी मोडताना फार मोठा आवाज होतो. गुलाबी फ्रॉक खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला आणि आतून एक भलीथोरली, काळी, पुरती वाढलेली चिंपांझीण बाहेर आली. लहान चिंपांझी मोठा होतो, ही गोष्ट पंतांच्या लक्षातच आली नव्हती. सभा एकदम गप्प झाली.

त्या शांततेत गुलछबूने ओठ खाली ओढून वरचे दात झाकले. मग तिच्या घशातून करवत चालवल्यासारखा एक आवाज येऊ लागला, ह्या, ह्या, ह्या. मेजर आणि डॉक्टरही तसाच आवाज करू लागले. असं काही प्रजेने पूर्वी ऐकलं नव्हतं. पुढच्या ओळीतून ठमाबाईने शेजारच्या भेकराला सांगितलं, आता हसतीया ती. भेकराने मागे सांगितलं. दात दिसले तर भीती आणि झाकले तर हसू, ही बातमी मैनांशिवाय पसरलेली जंगलातली पहिली बातमी होती. म्हणून ती खरी निघाली.

शांतता फार झाली आणि घुबडरावांनी डोळे उघडले.

“तो प्रश्न,” ते म्हणाले, “अजून पटलावर आहे का?”

आहे, असं म्हणणं पंतांना भाग पडलं. मग पहिल्या सेवकांनी उत्तर द्यावं, घुबडराव म्हणाले. केसाळरावांना चौघांनी धरून आणलं. त्यांना उभं केलं तेव्हा मोहाचा वास उतारावरच्या शेवटच्या सशापर्यंत पोचला. केसाळरावांनी मोडलेल्या काठीकडे पाहिलं, गुलछबूकडे पाहिलं, मग सगळ्या उतारावर नजर फिरवली. उतारावर कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. ते तोंड भरून हसले. सगळे दात दिसले.

“भ्यालं,” ठमाबाई म्हणाली.

सरकार त्याच संध्याकाळी पडलं. केसाळराव आत्मचिंतनासाठी एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली गेले. दुसऱ्या दिवशी सगळे लांडगे मूळचे विरोधकच होते असं निष्पन्न झालं. घोरपडीची खुर्ची परत जागेवर आणून ठेवली, तिला काही कळलं नाही. नव्या सरकारच्या प्रधानपदी अनुभवी कुणी हवं म्हणून उदाजीपंतांना नेमलं. पंतांनी गुलछबूला तिकीट देऊ केलं, चिन्ह म्हणून कपबशी देऊ केली. तिने कपबशी तेवढी ठेवून घेतली. आता तिघं उंबराच्या झाडावर राहतात. ऊन कललं की खाली उतरून चहा पितात. बघायला कुणी जात नाही, आणि त्यांना ते फार आवडतं.

ठमाबाईच्या नातवंडांना त्या साली या तिघांनी आपल्या झाडाच्या उंबरांवर जगवलं. कोठाराची पद्धत पुन्हा सुरू झाली आहे, पण ठमाबाई आपला मोह आता बिळातच ठेवते, आणि विचारलं तर पाटी लावली आहे म्हणून सांगते.

सध्या जंगलात पुन्हा निवडणूक लागली आहे. झाडाझाडावर फलक आहेत. फलकांवर उमेदवार दोन्ही पंजे जोडून, सगळे दात दाखवत उभे आहेत. ठमाबाई प्रत्येकाखाली थांबते, मान वर करून नीट बघते, आणि ज्याचे दात जास्त दिसतात त्याला मत द्यायचं ठरवते. तिचं म्हणणं, आपल्याला भिणारा निदान एक तरी वर पाठवावा.

परवा मात्र ती एका फलकाखाली बराच वेळ उभी होती. उमेदवार नवा होता. पंजे जोडलेले, नजर थेट आपल्यावर, आणि वरचे दात ओठाखाली नीट झाकलेले.

“ह्यो मातुर खराच हसतूया,” ठमाबाई म्हणाली. “आन आपल्यालाच.”

तोच निवडून येणार, असं मैना सांगत आहेत.